केळीच्या बागेसाठी छोटा ट्रॅक्टर घेताना

जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावल पट्ट्यात केळीची लागवड बऱ्याचदा पाच फुटांवर असते. म्हणून विक्रेता अश्वशक्तीचे कितीही कौतुक करो, आधी ट्रॅक्टरची बाहेरची रुंदी टेपने मोजावी आणि ती चार फुटांच्या आत असेल तरच पुढचे बोलणे करावे, अन्यथा खोड आणि घड दोन्ही ओरबाडले जातात. काळी जमीन पावसात चाकांना घट्ट चिकटते. त्यामुळे थोडा महाग पडला तरी चारही चाकांना ओढ असलेला, खोल नक्षीच्या टायरांचा ट्रॅक्टरच घ्यावा. मागच्या टायरांत तीन-चतुर्थांश पाणी भरल्यास पकड वाढते. रोटाव्हेटरसाठी, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणाऱ्या अवजारासाठी, पीटीओचे (अवजाराला शक्ती देणाऱ्या ट्रॅक्टरमागच्या फिरत्या दांड्याचे) मिनिटाला ५४० फेरे पुरतात. चिखलात एकच चाक फिरू लागल्यास दोन्ही चाके एकाच वेगाने फिरवणारे डिफरन्शियल लॉक लावावे, मात्र वळण्यापूर्वी ते सोडावे.