बीट शिजवताना साल शेवटी काढा

बीट आधी सोलून, चिरून उकडायला टाकणाऱ्यांचं मला नवल वाटतं. अर्धा रंग आणि बरंचसं फोलेट, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व, पाण्यात जातं, मग ते पाणी ओतून द्यायचं! मी देठ दोन बोटं ठेवते, खालची शेपटीही कापत नाही. मातीपुरतं धुऊन अख्खंच कुकरमध्ये वाफवते. सुरी अलगद आत गेली की झालं. कोमट असताना अंगठ्याने दाबलं की साल सरकन निघते.

घाई असेल तर कच्चं किसा, वर लिंबू पिळा. रंग खुलतो, मातकट वासही दबतो.

रक्त वाढवायला म्हणून बीट खाणाऱ्यांनो, 100 ग्रॅममध्ये लोह जेमतेम 1 मिलिग्रॅम असतं. खरा फायदा नायट्रेटचा: त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब थोडा उतरतो. या कामाची सुरुवात तोंडातले जिवाणू करतात, त्यामुळे जंतुनाशक माउथवॉशने वारंवार चुळा भरल्या तर हा फायदा घटतो.

बिटात ऑक्झलेट नावाचा क्षारही असतो, त्यामुळे ऑक्झलेटचे मुतखडे झालेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच खावं. आणि दुसऱ्या दिवशी लघवी लालसर दिसली तर आधी काल काय खाल्लं ते आठवा. कोवळी पानं फेकू नका, पालकासारखी परता.