डच कंपनीची तांब्याची नाणी जमवताना या चुका टाळा

डच ईस्ट इंडिया कंपनीची अठराव्या शतकातील डुइट ही तांब्याची नाणी आजही परवडणाऱ्या किमतीत मिळतात, आणि नवा संग्राहक बहुधा तिथूनच सुरुवात करतो. दुर्दैवाने घरी आणताच तो ती घासायला बसतो. चिंच, लिंबू किंवा राख यांनी गडू लखलखतो हे खरे; परंतु नाण्यावरचा तपकिरी थर दोन-अडीचशे वर्षांत चढलेला असतो आणि आम्लाने किंवा घासण्याने तो उतरला की सिंहाच्या आयाळीचे व आकड्यांच्या कडांचे बारकावेही त्याच्याबरोबर जातात. ते नुकसान कशानेही भरून येत नाही. माती लागली असेल तर नाणे डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवावे, लाकडी दातकोरणीने हलकेच मोकळे करावे, पूर्ण वाळवावे आणि तिथेच थांबावे.

प्रत्येक हिरवा डाग सारखा नसतो. घट्ट बसलेला गडद कळंक बहुधा स्थिर असतो; मात्र पुसल्यावर काही दिवसांत पुन्हा उगवणारी फिकट हिरवी भुकटी क्लोराइडमुळे होते, ती धातू आतून पोखरते आणि कोकण-गोव्याच्या दमट हवेत झपाट्याने वाढते. असे नाणे ओलावा शोषणारे सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. डाग चिकट असेल तर दोष पीव्हीसी या प्लास्टिकच्या मऊ पाकिटाचा असतो; तो ॲसिटोनने निघतो आणि पुढे मायलर या पॉलिएस्टर फिल्मचे पाकीट वापरावे.

ओळख पटवतानाही घाई नडते. एकात एक गुंफलेली व्ही, ओ, सी ही अक्षरे पाहून नाणे इंग्रज कंपनीचे समजले जाते; खरे तर ती डच कंपनीच्या नावाची आद्याक्षरे आहेत. ही मुद्रा १७२६ पासून डुइटवर येऊ लागली, म्हणून डच अमलातील न्यूयॉर्कचे नाणे सांगून ‘न्यूयॉर्क पेनी’ या नावाने जास्त दाम मागणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ते शहर १६६४ मध्येच इंग्रजांकडे गेले होते. दुसऱ्या बाजूला प्रांताचे चिन्ह असते: लाटांतून वर येणारा अर्धा सिंह म्हणजे झीलंड, एकावर एक चालणारे दोन सिंह म्हणजे वेस्ट फ्रिसलंड. ही मुद्रा नसून केवळ प्रांताचे नाव व साल असेल, तर ते नेदरलँड्समधील देशांतर्गत चलनाचे डुइट होय, कंपनीचे नव्हे.

सालावरही आंधळा विश्वास नको. कंपनी १७९९ च्या अखेरीस संपुष्टात आली, तरी १७९० हे साल असलेली उट्रेख्ट प्रांताची अनेक डुइट नाणी एकोणिसाव्या शतकात पाडलेली आहेत.