कॉम्प्रेसरला दम खाऊ द्या

लातूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये गेट रंगवताना पिस्टनचा घरगुती कॉम्प्रेसर सलग पळवू नका. अशी बरीच मशीनं दहा मिनिटांत पाच-सहा मिनिटं चालण्यासाठीच बनवलेली असतात. मोटर बंदच होत नसेल, तर बहुतेक वेळा रंगाच्या स्प्रे गनला हवा कमी पडतेय. म्हणून घेताना टाकीच्या लिटरपेक्षा सीएफएम (मशीन मिनिटाला किती घनफूट हवा देतं तो आकडा) बघा, तोही गनच्या गरजेच्या दीडपट. मी गेटचा एक पल्ला मारला की ट्रिगर सोडतो; टाकी भरून मोटर थांबेपर्यंत दुसऱ्या पल्ल्याची धूळ पुसतो. मशीन सावलीत, रंगाच्या फवाऱ्यापासून लांब ठेवा. बारीक, लांब वायर जोडू नका, व्होल्टेज पडतं. त्याऐवजी हवेचा पाइप वाढवा. काम संपल्यावर प्रेशर उतरवून टाकीखालचा कॉक उघडा आणि गढूळ पाणी पूर्ण निथळू द्या. हे पाणी गनमध्ये गेलं तर रंगावर फोड येऊ शकतात.