जुन्या रेल्वेगावांचे फोटो काढताना या चुका टाळा

अमेरिकेतले जुने रेल्वेमार्ग पाहून आलेल्या प्रत्येकाकडे एक फोटो हमखास असतो: दोन रुळांच्या मधोमध उभं राहून काढलेला, दूर क्षितिजाला टेकलेले रूळ. सुरुवातीला मीही असे पुष्कळ काढले. पहिली चूक हीच. त्यात गाव दिसत नाही, मार्ग कुठला तेही कळत नाही, आणि ती जागा जीवघेणी आहे.

गंज दिसला म्हणजे मार्ग बंद पडला, असं धरू नका. वापरात नसलेला रूळ काही दिवसांतच तांबूस होतो आणि क्वचितच मालगाडी येणारे फाटे आजही चालू आहेत. समोरून येणाऱ्या गाडीचा वेग डोळ्यांना कमी भासतो. ताशी ५५ मैलांनी धावणाऱ्या मालगाडीला थांबायला मैलभर किंवा त्याहून जास्त अंतर लागतं. शिवाय बहुतेक मार्ग खासगी कंपन्यांचे आहेत, तिथे विनापरवानगी शिरणं बेकायदा ठरतं. रस्त्याचं फाटक, पूल किंवा फलाट इथून लांब पल्ल्याच्या लेन्सने तेच रूळ जास्त चांगले येतात. फक्त भर दुपार टाळा. तापलेल्या खडीवरची हवा थरथरते, फोकस अचूक असूनही फोटो धूसर येतो आणि दोष बिचाऱ्या लेन्सला जातो.

दुसरी चूक मला जास्त खुपते, ती म्हणजे स्टेशनची इमारत एकटीच टिपणं. मैदानी प्रदेशातली कितीतरी गावं रेल्वेवाल्यांनीच आखली. आखणी बऱ्याचदा इंग्रजी टी अक्षरासारखी: आडवी रेघ रुळांची, उभी रेघ मुख्य रस्त्याची. तेव्हा स्टेशनकडे पाठ करून रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला चालत जा, मागे वळा आणि २०० मिमीच्या आसपास लेन्स लावा. दुकानं, स्टेशन आणि धान्याचं उंच कोठार एकमेकांजवळ येतात, गाव कशामुळे वसलं ते एका फोटोत उमगतं. वेस्ट व्हर्जिनियातल्या थरमंडला मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे दुकानांच्या रांगेपुढे रस्ताच नाही, समोर थेट रूळ आहेत आणि त्यांवरून गाड्या अजून धावतात. तिथे भिंत आणि रूळ यांच्यातलं ते चिंचोळं अंतरच फोटोत यायला हवं.

छायाचित्रकार ओ. विन्स्टन लिंक यांनी १९५५ ते १९६० या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न या रेल्वे कंपनीची शेवटची वाफेची इंजिनं टिपली, तीही बहुतेक रात्री, फ्लॅशबल्बांच्या उजेडात. १९५६ च्या त्यांच्या एका प्रसिद्ध फोटोत मोटारीत बसून सिनेमा पाहणारी माणसं पुढे आहेत आणि इंजिन पलीकडून जातंय. इंजिनासोबत आसपासची माणसंही टिपायची, म्हणून तो फोटो मनात ठेवून बाहेर पडा.

स्टेशनाच्या पुढे आलेल्या खिडकीतून तारमास्तरला मार्गाच्या दोन्ही दिशा दिसायच्या. सरळ समोरून फोटो काढला तर ती चपटी होते, जरा तिरकं उभं राहा.

काळ्या इंजिनाने फ्रेम भरली की कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर फसतं: काळं राखाडी होतं, वाफ पांढरीफटक पडते. एक्स्पोजर थोडं कमी ठेवा. सूर्य डोक्यावर असला की चाकं आणि दांडे सावलीत बुडतात, सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन तिथवर पोचतं. धावत्या गाडीसाठी इलेक्ट्रॉनिक शटर नको, डबे कलंडल्यासारखे दिसतात. विटांच्या भिंतीवरच्या विरलेल्या जाहिरातींना मात्र ढगाळ दिवसच बरा.

शेवटची चूक फोटोखालच्या ओळीत होते. रुळाच्या बाजूवर उठावदार अक्षरांत वजन, कारखाना आणि साल असतं, महिन्यासाठी उभ्या रेघा असतात. ते साल रूळ तयार झाल्याचं. मार्ग त्याच साली टाकला, असा अर्थ काढू नका. मुख्य मार्गावरून काढलेले जुने रूळ सायडिंगला, म्हणजे बाजूच्या जोडमार्गांना, पुन्हा वापरले जात. स्टेशनांचंही तसंच. मार्ग बंद पडल्यावर अनेक इमारती विकल्या गेल्या, उचलून दुसरीकडे नेल्या गेल्या. सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे जुने नकाशे लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. त्यांत लाकडी इमारती पिवळ्या, विटांच्या गुलाबी. नकाशात स्टेशन रुळांच्या उत्तरेला आणि तुमच्या फोटोत दक्षिणेला असेल, तर ‘मूळ जागी’ हे शब्द लिहिण्याआधी गावातल्या इतिहास मंडळात विचारून घ्या.