‘रेडी प्लेअर वन’ वाचताना संदर्भांमागे धावू नका

अर्नेस्ट क्लाइनची ही २०११ सालची कादंबरी वाचायला घेतली, की ‘आधी ऐंशीच्या दशकातले सिनेमे बघ, जुने गेम खेळ, मग वाच’ असा सल्ला हमखास मिळतो. तो अजिबात ऐकू नका. सरळ पुस्तक उघडा. गोष्ट अशी: हॅलिडे हा गेम बनवणारा अब्जाधीश मरताना आपली सगळी संपत्ती आपल्या आभासी जगात लपवलेल्या एका गोष्टीवर लावतो. तिथवर पोहोचायला किल्ल्या शोधाव्या लागतात, आणि वेड हा नायक त्यांच्या मागे आहे. २०१८ चा सिनेमा पाहिला असेल तरी बिघडत नाही. त्यात पहिली किल्ली मोटारींच्या शर्यतीत मिळते, पुस्तकात ती शर्यतच नाही.

सुरुवातीचा हॅलिडेच्या निरोपाचा भाग सावकाश वाचा.

खरी गाडी अडते ती पुढे. एकेका पानावर सिनेमे, गाणी, गेम, मालिका यांची नावं धडाधड येतात. पहिल्या खेपेला मी प्रत्येक नावाशी थांबून मोबाइलवर शोधत बसायचो. दहा मिनिटांनी परत यायचो तेव्हा वेड कुठे होता आणि कशासाठी, हेच आठवायचं नाही. शेवटी पुस्तक अर्ध्यावर टाकलं. चूक पुस्तकाची नव्हती, वाचण्याच्या पद्धतीची होती.

आता मी एकच कसोटी लावतो: या नावाचं वेडला पुढे काही करावं लागतंय का? नुसती यादी असेल तर ती भिंतीवरच्या पोस्टरांसारखी नजरेखालून जाऊ द्या. तो एखादा गेम खेळायला बसला, तर मात्र थांबा. तिथेही खेळाचे नियम बहुतेक वेळा लेखकच सांगतो.

शोधायचंच असेल तर एक गोष्ट शोधा: अटारी या गेम कंपनीचा ‘अॅडव्हेंचर’ हा गेम. तेव्हा अटारी गेमवर प्रोग्रॅमरचं नाव छापत नसे. म्हणून वॉरन रॉबिनेटनं गेममध्येच एक गुप्त खोली केली आणि तिथे आपलं नाव लिहिलं. तिथे पोहोचायला एक बारीकसा राखाडी ठिपका उचलून न्यावा लागतो, आणि तो पार्श्वभूमीच्याच रंगाचा असल्यामुळे दिसतही नाही. त्याचा व्हिडिओ पाहा. हॅलिडेनं आपली सगळी संपत्ती अशाच लपवलेल्या गोष्टीवर का लावली, ते तिथे कळतं.

आणि ‘मी तो काळ पाहिलाच नाही’ हे मनातून काढा. वेडनंही पाहिलेला नाही. त्याची गोष्ट २०४० नंतरची, ऐंशीचं दशक हॅलिडेच्या पोरवयाचं. वेड ते सगळं पाठ करून शिकलाय, एका मेलेल्या माणसाला ओळखण्यासाठी.

नावं शोधायची हौस दुसऱ्या वाचनात भागवा.