साधनांवर आधारित इतिहासाचे प्रश्न तपासताना या चुका टाळा

उतारा, शिलालेख किंवा चित्र देऊन त्यावर प्रश्न विचारण्याची पद्धत इतिहासाच्या पेपरात आता रुळली आहे. तरीही गुण देताना अनेकदा पाठांतरच भाव खाऊन जाते आणि दिलेले साधन बाजूला राहते. सोलापुरात माध्यमिक व कनिष्ठ महाविद्यालयाच्या सराव परीक्षांचे पेपर काढणाऱ्या आणि तपासणाऱ्या सहकाऱ्यांनी एक कसोटी सतत जवळ ठेवावी, असे मला मनापासून वाटते. उतारा झाकून ठेवला असता तर विद्यार्थ्याला हेच उत्तर लिहिता आले असते का? आले असते, तर त्याने साधन वापरलेले नाही आणि साधनाच्या वापरासाठी राखलेले गुण त्याला देता येत नाहीत.

माहिती बरोबर आहे म्हणून पूर्ण गुण देणे

ही चूक सर्वांत जास्त होते आणि आपल्या गावात तर ती होणे स्वाभाविकच आहे. समजा, १९३० च्या मार्शल लॉच्या काळात राष्ट्रध्वज लावण्यास मनाई करणारा आदेश साधन म्हणून दिला आणि ‘त्या काळातील सोलापूर समजून घेण्यासाठी हे साधन कितपत उपयुक्त आहे?’ असा चार गुणांचा प्रश्न विचारला. गांधीजींना झालेली अटक, ८ मेचा गोळीबार, त्यानंतर पुकारलेला लष्करी कायदा आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात झालेली फाशी, हे सारे आपल्या मुलांना तोंडपाठ असते. चार हुतात्मा चौकातून रोज शाळेत जाणारा विद्यार्थी ते सगळे तळमळीने लिहून काढतो, आणि परीक्षकाचे मनही त्या तळमळीने भरून येते. पण विचारले होते ते आदेशाविषयी, आणि आदेशाचा उत्तरात उल्लेखच नसतो. अशा उत्तराला पूर्वज्ञानाचा एक गुण द्यावा; त्याहून अधिक देऊ नये.

दुसरा विद्यार्थी लिहितो, ‘या आदेशाने झेंडा लावण्यास बंदी घातली, म्हणून लोकांनी झेंडे लावणे बंद केले.’ त्याने साधन वाचले आहे, मात्र आदेश निघाला म्हणजे तो पाळला गेला असे गृहीत धरले आहे. तिसऱ्याचे उत्तर असे असते: ‘बंदी घालावी लागली, याचा अर्थ लोक झेंडे लावत होते आणि प्रशासनाला त्याची धास्ती वाटत होती, लोकांनी बंदी पाळली की नाही, हे या आदेशावरून सांगता येत नाही, त्यासाठी शिक्षांच्या नोंदी किंवा आठवणी पाहाव्या लागतील.’ हे उत्तर लांबीने कमी असेल, त्यात एकही सन नसेल, तरी पूर्ण गुण त्याचेच आहेत. साधन काय सांगते, त्यातून कोणते अनुमान निघते आणि ते कुठे थांबते, या तिन्ही गोष्टी त्यात आल्या आहेत. गुणदान योजनेत ‘चार मुद्दे, चार गुण’ असे लिहून ठेवले, तर नेमका हाच विद्यार्थी मागे पडतो. म्हणून योजना मुद्द्यांच्या मोजणीवर बेतू नये. उत्तराच्या पातळ्या ठरवून प्रत्येक पातळीचे एकेक नमुना वाक्य आधीच लिहून ठेवावे.

‘पक्षपाती’ या शब्दावर गुण देणे

‘लेखक इंग्रज अधिकारी आहे, म्हणून साधन पक्षपाती आहे’ किंवा ‘बखर नंतर लिहिली गेली, म्हणून ती विश्वसनीय नाही’ ही वाक्ये कोणत्याही उताऱ्याखाली चिकटवता येतात. सभासदाची बखर शिवाजी महाराजांच्या निधनानंतर, राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे लिहिली गेली. परंतु कृष्णाजी अनंत सभासद हा महाराजांच्या राजवटीत वावरलेला माणूस होता. दोन्ही बाजू मांडून, दिलेल्या उताऱ्यातील कोणत्या विधानाला यामुळे बळ मिळते आणि कोणते विधान पडताळून पाहावे लागेल, हे सांगणारा विद्यार्थीच साधनाची चिकित्सा करत असतो. साधनाची उपयुक्तता प्रश्नावर ठरते. ध्वजबंदीचा आदेश प्रशासनाची भीती समजण्यास फार मोलाचा आहे, तर गिरणी कामगारांच्या मनात काय होते हे समजण्यास तो तोकडा पडतो. त्याच न्यायाने, हुतात्म्यांविषयीची एखादी आठवण कोणी, कधी आणि घटनेनंतर किती वर्षांनी सांगितली असे विचारणाऱ्या मुलाचे गुण अनादर समजून कापू नयेत. आपण त्याला जे शिकवले तेच तो करत आहे.

दोष प्रश्नातच असणे

बहुतेक वर्गाचे उत्तर चुकले, तर आधी प्रश्नपत्रिका तपासावी. साधनाखाली ते कोणी, कधी, कोणासाठी तयार केले याची ओळ नसेल, तर विश्वसनीयतेचा प्रश्न विचारणे अन्यायाचे आहे. हत्तरसंग कुडलचा शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख आपल्या जिल्ह्याचे भूषण आहे आणि तो पेपरात यावा असे मलाही वाटते. मात्र झेरॉक्समध्ये काळपट झालेल्या फोटोवरून विद्यार्थ्याला काहीच वाचता येत नाही. फोटोसोबत ‘वाछि तो विजेया होईवा’ हे वाचन आणि त्याचा आजच्या मराठीतील अर्थ छापावा. बखरीतील आणि दरबारी पत्रांतील फारसी शब्दांचे अर्थही खाली द्यावेत. सोलापुरातील वर्गात घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारी मुले मोठ्या संख्येने असतात. त्यांची परीक्षा इतिहासाच्या आकलनाची व्हावी, जुन्या शब्दसंग्रहाची होऊ नये. शुद्धलेखनाचे गुण येथे कापण्याचे कारण नाही.

उतारा फार लांब असल्यास मुले वाचण्यातच वेळ घालवतात. आठ-दहा ओळी पुरतात.

परीक्षकांच्या गुणांत तफावत पडणे

एकच उत्तर एका शिक्षकाकडे चार आणि दुसऱ्याकडे दोन गुण मिळवत असेल, तर वाद घालण्याऐवजी तपासणीची पद्धत बदलावी. सुरुवातीला काही उत्तरपत्रिकांच्या प्रती काढून सर्वांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि फरक का पडला ते एकत्र बसून ठरवावे. त्यानंतर एकेक पेपर पूर्ण तपासण्यापेक्षा साधनाचा प्रश्न सर्व पेपरांत सलग तपासावा, म्हणजे आधीच्या प्रश्नाच्या चांगल्या-वाईट उत्तराची छाया पुढच्या गुणांवर पडत नाही. योजनेत न बसणारे, पण साधनाच्या आधारे योग्य असे उत्तर आढळल्यास ते समासात नोंदवून नियामकांपुढे ठेवावे आणि मान्य झाल्यास आधी तपासलेले पेपरही पुन्हा पाहावेत. पेपर परत देताना ‘छान’ किंवा ‘अपूर्ण’ एवढ्यावर न थांबता, विद्यार्थ्याने उताऱ्यातील ज्या शब्दावरून अनुमान काढले त्या शब्दाखाली रेघ ओढावी. तसे अनुमान नसेल, तर ‘हे उताऱ्यात कोठे आहे?’ असा प्रश्न समासात लिहावा.