पायथनमधला मॅप एकदाच वाचता येतो, हे आधी ऐका

लॅम्डा म्हणजे बिननावाचं छोटं फंक्शन, मॅप ते यादीतल्या प्रत्येकाला लावतो. इतपत सगळ्यांनाच येतं. घोडं अडतं ते पुढे.

कर्वेनगरच्या कॉट बेसिसची भाडी घ्या: ४५००, ५०००, ६०००. प्रत्येकात लाइटबिलाचे ५०० वाढवायचेत. मॅप-लॅम्डाने एका ओळीत काम झालं, सम लावलं, १७००० आले. खाली तीच बेरीज पुन्हा मागा. शून्य! एरर नाही, काही नाही. मॅक्स, म्हणजे सगळ्यात मोठा आकडा, मागितला असता तर निदान व्हॅल्यूएरर तरी आला असता.

पायथन ३ मधला मॅप यादी देत नाही, इटरेटर देतो. मागाल तसा एकेक आकडा काढून देतो, आणि दिलेला संपला. कंडक्टरने फाडलेलं तिकीट गठ्ठ्यात परत जातं का? तसंच.

खरा छळ तर आत काय आहे ते तपासताना होतो. तुम्ही मध्येच लिस्ट करून प्रिंट करता. आकडे नीट दिसतात, पण त्या बघण्यातच मॅप रिकामा होतो आणि खालची बेरीज शून्य येते. प्रिंट काढली की उत्तर बरोबर! मला तर कॉम्प्युटरच बिघडलाय असं वाटायचं. म्हणून आकडे पुन्हा लागणार असतील तर मॅपची लगेच लिस्ट करा आणि नाव त्या लिस्टलाच द्या. एकदाच वापरायचे असतील तर नाही केली तरी चालतं.

अप्पा बळवंत चौकात जुनं पुस्तक घेताना आतला कोड बघा. प्रिंटपुढे कंस नसेल तर ते पायथन २ चं, तिथे मॅप सरळ यादीच द्यायचा. २००८ मध्ये आलेल्या ३ ने हे बदललं, २ चा सपोर्ट २०२० च्या सुरुवातीला संपला. स्वस्त असलं तरी ठेवा परत.

लॅम्डात तीन-तीन इफ कोंबून मिरवणाऱ्या सीनियरच्या नादी तर अजिबात लागू नका. लॅम्डाला नाव द्यायची वेळ आली तर डेफ वापरून नावाचं फंक्शन लिहा, असं पेप ८ मध्येच, म्हणजे पायथन कोड कसा लिहावा याच्या नियमावलीतच लिहिलंय.

आणि हे जमत नाही म्हणून खचू नका हो. पायथन बनवणाऱ्या खुद्द गिडो व्हान रॉसमने २००५ मध्ये लॅम्डा आणि मॅप दोन्ही काढून टाकायचं सुचवलं होतं. हिंजवडीतल्या मुलाखतीत मॅप आठवला नाही तर लिस्ट कॉम्प्रिहेन्शन, म्हणजे चौकोनी कंसातच फॉर लावून यादी, लिहा, तेच काम होतं.